अर्धा इंच, चौदा आटे

स्लाऊ, रविवार दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. न. वि. वि.

सगळ्यात आधी आत्याला निरोप द्या की आमच्या घरात पूर आलेला नाही. ईशान फोनवर आजीला "घरात काळं पाणी आलं" असं म्हणाला, ते जेवणघरातल्या रेडिएटरमधून गालिच्यावर सांडलेल्या तांब्याभर पाण्याबद्दल. पण सांगलीच्या गावभागातल्या माणसाला "घरात पाणी" एवढंच ऐकू येतं, पुढचं ऐकायला थांबतो कोण! आईने आत्याला सांगितलं, आत्याने पुण्याला माईला, माईने माझ्या सासूबाईंना, आणि रात्री साडेबाराला त्यांचा फोन: "शुभा, कागदपत्रं माळ्यावर टाकलीस ना?" त्या कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतात. त्यांना पुराचा काय अनुभव? हे वाक्य आत्यानेच शिकवलेलं असणार.

आणि आई, इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात. उन्हाळ्यात तुमच्या-आमच्यात साडेचार तासांचं अंतर असतं, ते आता साडेपाच झालंय. तुमचे सकाळचे सहा म्हणजे आमचे मध्यरात्रीचे साडेबारा. दुधाची पिशवी आत घेतली की शुभाला फोन, ही सवय मार्च संपेपर्यंत आवर.

हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता आलं असतं. पण माझं काहीही लिहिलेलं दादा लगेच घरच्या गटावर ढकलतो आणि खाली सगळ्यांचे जोडलेले हात येतात, कशासाठी ते कोणालाच माहीत नसतं. म्हणून कागद. बाबा मोठ्याने वाचणार, आई मध्येच उठून गॅस बारीक करून येणार आणि "काय म्हणाली?" विचारणार, हे धरूनच लिहितेय.

पार्सल मिळालं. भडंगाची पिशवी वाटेत फुटली होती, त्यामुळे मुक्ताच्या नव्या स्वेटरला लसणाचा वास लागलाय आणि ती तोच घालून शाळेत जाते. चकल्यांचा चुरा दह्यात कालवून खाल्ला. पेढे पाठवले नाहीस ते बरं केलंस. दुधाचे पदार्थ असे बाहेरून आणू देत नाहीत इथे. फक्त एक विचारायचंय. कुरिअरवाला किलोवर पैसे घेतो हे माहीत असूनही मेतकुटाच्या डब्यात सुताची गुंडी कोणी घातली? बाबा, खाली बघू नका.

कुकर लावलाय. तो होईपर्यंत रेडिएटरचं सांगून टाकते.

नानाकाकांनी मागे विचारलं होतं की मारुतीचा रेडिएटर गाडी थंड ठेवतो, मग तुमचा घर गरम कसा करतो? काका, दोघांचं काम एकच, आतल्या पाण्याची उष्णता बाहेरच्या हवेला द्यायची. स्वयंपाकघरातला गॅसचा बॉयलर पाणी तापवतो, पंप ते तांब्याच्या बारीक पाइपांतून घरभर फिरवतो, आणि खोलीखोलीत खिडकीखाली पोलादी पत्र्याची चपटी पोकळ पेटी असते, तिच्यातून ते जातं. मारुतीत ती उष्णता नको असते, इथे हवी असते. आमचं घर १९३०च्या दशकातलं, तेव्हा लोक खोल्यांतून कोळसा जाळायचे. ही पाइपांची भानगड नंतर कोणीतरी करून ठेवलेली.

तर जेवणघरातल्या पेटीच्या तळाला, शिवणीपाशी, टाचणी जाईल एवढं भोक पडलं. आमच्याकडे या एका रेडिएटरवर फार जबाबदाऱ्या आहेत: इडलीचं पीठ, दह्याचं विरजण, मुक्ताचे मोजे, पावसात भिजून आलेली दप्तरं. तो बंद केल्यापासून पीठ फुगायचं नावच घेईना. तशाच पिठाच्या इडल्या केल्या, त्या मंदारने "चव चांगली आहे" असं म्हणत गिळल्या. चवीचा प्रश्नच नव्हता, तो चावायचा होता.

आता किमतीचं ऐका. बाबा, बसून वाचा. प्लंबरला फोन केला. पहिल्या तासाचे ऐंशी पौंड. त्यावर वीस टक्के कर, म्हणजे शहाण्णव. रुपयांत म्हणाल तर दहा हजारांच्या घरात. हा तास कधी सुरू होतो माहीत आहे? माणूस दारात उभा राहिला की. बूट काढायला, कुत्रं आहे का विचारायला, चहात साखर किती ते सांगायला, सगळ्याला तेच मीटर. मी म्हटलं, बरं, एका तासात होईल का? तो म्हणाला, बाई, जुनं फिटिंग आहे, सुटलं तर होईल. नाही सुटलं तर अख्ख्या घराचं पाणी काढावं लागेल, मग अर्धा दिवस, मग साडेतीनशे पौंड धरून चाला, रेडिएटर तुमचा तुम्ही आणा.

नवा रेडिएटर दुकानात सत्तर पौंडांना. म्हणजे वस्तू सत्तरची आणि ती भिंतीवर टांगायची मजुरी साडेतीनशे. आई, तू फोनवर "अगं मग कोणीतरी साधा माणूस बघ ना" म्हणालीस. इथे साधा माणूस नसतो. गवत कापायला येणारासुद्धा छापील पावती देतो. दिवाळीच्या कार्यक्रमाला लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गेलो होतो. मंडळ १९३२ सालचं, तेव्हापासून तिथे किती व्याख्यानं झाली असतील, पण त्या दिवशी फराळाच्या टेबलाशी सगळे तल्लीन होऊन ऐकत होते ते एका गृहस्थांनी बॉयलरसाठी किती मोजले ते. मध्येच कोणीतरी चिवड्यात काजू कमी आहेत म्हणालं, तेव्हा विषय बदलला.

नियम असा आहे की गॅसच्या बॉयलरला हात लावायचा तर नोंदणी झालेलाच माणूस लागतो, ते बरोबरही आहे. पण रेडिएटर तुमचा तुम्ही बदलू शकता. हे वाक्य मंदारने वाचलं आणि माझी खरी काळजी तिथून सुरू झाली. लग्नात दादाने नवरदेवाला नावं ठेवली होती, ती उगाच नव्हे. भिंतीत खिळा ठोकायचा तर हा आधी लॅपटॉप उघडतो.

कुकर झाला. ताटं झाली. भांडी मंदार घासतोय, म्हणजे आता निवांत वेळ आहे.

हा प्रकार बाबांना फोनवर तुकड्यातुकड्यांत कळलाय, नीट सांगते. रेडिएटरला दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह. एकीकडे आकड्यांचं डोकं असतं, खोली तापली की ते आपोआप पाणी कमी करतं. दुसरीकडे नुसती टोपी, तिच्याखाली पान्याने फिरवायची दांडी. ही दांडी किती उघडी ठेवायची ते घरभरच्या रेडिएटरांचा मेळ घालून ठरवलेलं असतं. म्हणून बाबा ओरडले, "बंद करताना वेढे मोज आणि तिथेच भिंतीवर लिही!" मागून आई ओरडली, "रंगवलेल्या भिंतीवर?" पेन्सिलीने लिहिलंय, आई. रेडिएटरच्या मागे. दिसत नाही.

मग नट. बाबा, दोन पान्यांचं तुमचं म्हणणं इथे डोळ्यांनी बघितलं. एका पान्याने व्हॉल्व्हचं अंग घट्ट धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. नुसता नट पिळला तर खालचा तांब्याचा पाइप पिळवटतो, आणि तो जमिनीच्या फळ्यांखाली गेलेला. मंदारकडे पाना एकच. म्हणून मी डावीकडच्या आजोबांचं दार वाजवलं. त्यांनी आयुष्यभर हेच काम केलंय, आता नुसते गुलाब वाढवतात. दुसरा पाना मागितला तर पान्याबरोबर स्वतःच आले, घरातल्या सपाता घालून, आणि पहिल्या तासाचे काही मागितले नाहीत.

दोन्ही नट सुटले. वरचा हवेचा स्क्रू किल्लीने उघडला, की आत हवा शिरते आणि खालून पाणी येतं. आलं ते काळंभोर. तीच ईशानची बातमी. रेडिएटर आतून गंजत असतो, पण आत हवा कमी, म्हणून तो गंज लाल नसतो, काळा असतो, आणि त्याला लोहचुंबक लागतं. ईशानने फ्रिजवरचा गणपती काढून परातीखाली फिरवला तर वरचा गाळ त्याच्या मागे मागे चालायला लागला. घरात सगळे ओरडत होते आणि हा एकटा आनंदात होता. परात तीच, लग्नातली, नाव घातलेली. विचारूच नका.

गालिच्यावर डाग पडला तो पडलाच. या लोकांना जेवणघरात, जिन्यावर, जिथे म्हणून काही सांडू शकतं तिथे सगळीकडे पांढरट गालिचा अंथरायची हौस का आहे, ते मला अजून कळलेलं नाही. आपली शहाबादी फरशी असती तर एक फडकं मारलं की काम संपलं.

खरा तिढा पुढे. व्हॉल्व्ह तसेच ठेवायचे तर जुन्या रेडिएटरमध्ये रुतलेली पितळी नळी काढून नव्याला लावावी लागते. दुकानातून दुसरी आणून चालत नाही, कारण प्रत्येक कंपनीच्या नटाचं बसणं वेगळं. आणि व्हॉल्व्हच बदलायचे तर घराचं पाणी उपसा, साडेतीनशे पौंड काढा. म्हणजे सगळं त्या बोटभर पितळेवर येऊन ठेपलेलं. तिच्यात आतून सहा बाजूंचं भोक असतं, त्यात एलन की घालून फिरवायची. मंदारने फिरवली. किल्ली फिरली, नळी नाही.

तेव्हा तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला. फोन ईशानच्या हातात, त्यामुळे पहिला बराच वेळ तुम्ही आमच्या छताकडे बघत होता. तुम्ही "उलटं, उलटं!" ओरडताय, मंदार उलटं फिरवतोय, म्हणजे आवळतोय, कारण तो रेडिएटरच्या पलीकडून वाकला होता आणि तुम्ही अलीकडून बघत होता. आजोबांना तुमचं एक अक्षरही कळत नव्हतं, पण तुमचा हात कुठल्या दिशेने फिरतोय ते त्यांनी बरोबर हेरलं. त्यांनी बाजूला पडलेला जुना कॉक उचलला, त्याचे आटे कॅमेऱ्यासमोर धरले आणि म्हणाले, "हाफ इंच बीएसपी." आणि तुम्ही, बाबा, ज्यांनी माझ्या लग्नात परदेशी पाहुण्यांशी फक्त मान हलवून काम भागवलं, तुम्ही खणखणीत आवाजात म्हणालात, "हाफ इंच! फोर्टीन!" ते म्हणाले, "फोर्टीन!" मग दोघे हसत बसले. आम्हाला मध्ये जागाच उरली नाही.

मला नंतर बघावं लागलं. इंचाला चौदा आटे, हे माप ब्रिटिश पाइपाच्या आट्यांचं, व्हिटवर्थच्या आट्यांतून आलेलं. हा जोसेफ व्हिटवर्थ मँचेस्टरचा, १८४१ साली त्याने सगळ्या देशाने एकाच मापाचे आटे पाडावेत असं सुचवलं. पाइप इथे कधीच मिलिमीटरमध्ये गेले, नवे रेडिएटर मिलिमीटरमध्ये येतात, पण रेडिएटरच्या भोकाचे आटे अजून अर्ध्या इंचाचेच. आणि आपल्या न्हाणीघरातल्या नळाचेही तेच. किर्लोस्करवाडीला तुम्ही जन्मभर जे आटे हाताळलेत त्यांचं मूळ या मातीत आहे. आता यावर नानाकाका "म्हणजे शेवटी इंग्रजांचंच" असं म्हणणार. म्हणू देत.

आजोबांचं मत होतं, शेगडीने ताप द्या. पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं, मग गार होताना आखडतं, आणि त्या धरसोडीत जुना लेप तडकतो. तुमचं मत, रॉकेल घालून झोपा. आणि आधी केसभर आवळायचं, मग सोडायचं. इथे रॉकेलऐवजी गंज सोडवायच्या तेलाचा फवारा मिळतो. आजोबांनी तो मारला, हातोडीने टोक हलके हलके ठोकलं आणि म्हणाले, आता उद्या.

आई, त्या तेलाला रॉकेलचाच वास आहे. अंगणात, त्या बोचऱ्या थंडीत, तो वास आला आणि मला आपली पडवी दिसली. रविवार, बाबा खाकी अर्ध्या चड्डीत, डालड्याच्या डब्यात भिजत घातलेले नट, आणि मी पायरीवर बसून वायसर मापाप्रमाणे लावतेय. तू आतून "पोरीला तेलकट करू नका" म्हणायचीस आणि बाबा "हो हो" म्हणत आणखी एक मूठ माझ्यापुढे ओतायचे. घशाशी आलं एकदम. मंदारला वाटलं, तेल डोळ्यात उडालं. त्याने धावत जाऊन पाणी आणलं. मी डोळे धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नळी करकरली आणि सुटली. दुसरीचं सहा बाजूंचं भोक तोवर गोल झालेलं. तिला आजोबांनी बाहेरून पाइप पान्याच्या दातात धरलं आणि एकाच झटक्यात काढलं. तिच्यावर दातांच्या खुणा राहिल्यात, पण त्या नटाखाली झाकल्या जातात. आणि बाबा, सुटलेल्या आट्यांत काय होतं सांगू? तागाचे धागे. वाळलेल्या लेपात चिकटलेले, कोणी कधी गुंडाळले देव जाणे, आणि इतकी वर्षं एक थेंब गळू दिला नव्हता त्यांनी. टेफ्लॉन टेप आम्ही आणली होती. आजोबांनी ती बाजूला ठेवली, मी मेतकुटाच्या डब्यातली गुंडी आणून दाखवली. त्यांनी ती हुंगली, जरा थबकले, मग आट्यांच्या दिशेने सूत गुंडाळायला लागले. वर त्यांच्या डबीतला लेप. गळत नाही. पण म्हणून पुढच्या पार्सलात लेपासाठी सफेदा पाठवू नका, कस्टमवाले मलाच बोलावतील.

नवा रेडिएटर जुन्यापेक्षा दोन बोटं आखूड निघाला, कारण जुना इंचांत बनवलेला. त्यासाठी जोडतुकडा मिळतो, तो लावला. पाणी भरून बॉयलरचा काटा एक ते दीड बारच्या मध्ये आणला, गंज न धरण्याचं औषध घातलं, हवा काढली. झालं. काल पीठ फुगून भांड्याबाहेर आलं.

मुक्ताला पोहायला सोडलंय, गाडीत बसून लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर थंडी समजा.

तुमच्याकडच्या बातम्यांना आता उत्तरं. स्वातीच्या स्थळाबद्दल आत्याला सांगा, घाई करू नका. मुलगा जर्मनीत एकटा राहतो, स्वयंपाक येतो, हे ठीक. पाना धरता येतो का विचारा. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन मे महिन्यात नको, उकाड्यात पट्टी बांधून पडायचं म्हणजे ती सगळ्या घराला ओरडेल. वहिनीला सांगा, उकडीच्या पिठाचा फोटो नको, प्रमाण पाठव.

आणि घराच्या सौद्याचं. दादा फोनवर म्हणाला, "ते तेल नानाकाकांसाठी पण पाठव, सही करतच नाहीत." दादाला हे वाचून दाखवा, मोठ्याने. नानाकाका गंजलेले नाहीत, त्यांनी बिल्डरचा करारनामा शेवटपर्यंत वाचलाय, जो तू वाचला नाहीस. त्यात पार्किंग आहे, लिफ्ट आहे, दारातल्या तुळशीवृंदावनाचं चित्रसुद्धा आहे. जोतं किती उंच ते कुठेही लिहिलेलं नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा आपल्या माजघरात कुठवर आलं होतं, ती रेघ अजून भिंतीवर आहे. त्या रेघेच्या वर तळमजला येणार असं लेखी मिळेपर्यंत काकांनी सही करू नये. माझं मत काकांच्या बाजूने धरा. आई, तू काही बोलू नकोस, तू दोघांनाही "बरोबर आहे तुझं" म्हणतेस.

आता भंगार. हे लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

जुना रेडिएटर अंगणात टेकवून ठेवला. सांगलीत असता तर "भंगाऽऽर" अशी हाक आली की आईने तराजूवर डोळा ठेवून, काटा मारतोस म्हणून भांडून, रोख पैसे पदराला बांधले असते आणि वर त्यालाच घोटभर चहा दिला असता. इथे पालिकेच्या कचरा केंद्रावर न्यायचं तर आधी वेळ आरक्षित करायची. रहिवासी असल्याचा पुरावा न्यायचा. घरी केलेल्या दुरुस्तीचा कचरा २०२३च्या शेवटापासून फुकट घेतात, पण त्यालाही माप आहे: पन्नास लिटरच्या दोन पिशव्या, किंवा एकच मोठी वस्तू, ती दोन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि सत्तर सेंटिमीटर जाड यापेक्षा मोठी नको. चार आठवड्यांत चार खेपा. मंदारने टेप घेऊन अंगणात भंगाराची मापं घेतली. शेजारपाजारच्या खिडक्यांतले पडदे हलले. बसत होतं मापात. पण शनिवार-रविवारच्या सगळ्या वेळा भरलेल्या.

मग म्हटलं, विकूनच टाकू. तर इथे भंगार रोख पैसे देऊन घेणं हा गुन्हा आहे. थट्टा नाही करत. इंग्लंड आणि वेल्ससाठी २०१३चा कायदा आहे: भंगारवाल्याला परवाना हवा, विकणाऱ्याचं नाव-पत्ता कागदपत्रं बघून त्याने नोंदवायचा, आणि पैसे द्यायचे ते चेकने किंवा थेट बँकेत. कारणही आहे त्याला. रेल्वेच्या तांब्याच्या तारा आणि चर्चच्या छपरांवरचं शिसं चोरून विकण्याचा धंदा फार बोकाळला होता. ठीक. पण आमच्या गळक्या रेडिएटरसाठी चर्चच्या छपराची शिक्षा?

मंदार भंगाराच्या यार्डात गेला. ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं. त्यावर पत्ता जुन्या भाड्याच्या घराचा. काउंटरवरच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की पत्ता बदलल्याचं न कळवल्यास हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मग म्हणे पासपोर्ट आणा. पासपोर्टवर पत्ता नसतो, म्हणून सोबत तीन महिन्यांच्या आतलं विजेचं बिल आणा. घरी आला, दोन्ही घेऊन परत गेला. रेडिएटर काट्यावर चढला, आमच्या बँक खात्यात तीन पौंड दहा पेन्स जमा झाले. पेट्रोल त्याहून जास्त. कपाटातला परातीखालचा कागद काढून मी ती पावती तिथे ठेवलीय, सासूबाई आल्या की दाखवीन.

मुक्ता येतेय, ओले केस घेऊन. नव्या रेडिएटरसमोर बसवते तिला.

शेवटचं, आणि हे बाबांसाठी. वहिनीने मला सांगितलंय की गच्चीवरच्या टाकीचा कॉक जाम झालाय आणि तुम्ही रॉकेल आणून ठेवलंय. कोणाला सांगू नकोस असं तुम्ही तिला बजावलंत तेही सांगितलंय. ती शिडी नानाकाकांच्या लग्नातली आहे. कोपऱ्यावरच्या प्लंबरच्या मुलाला बोलवा, तो दोनशे रुपये घेईल, पाचशे द्या, मी पाठवते. त्याला खाली उभं राहून हवं तेवढं ओरडा, "उलटं, उलटं" म्हणा, दोन पाने लाव म्हणा. पण शिडीवर चढू नका.

मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुमची,
शुभा

ता. क. आई, बाबांना शिडीची किल्ली देऊ नकोस. कोयंड्याला कुलूप लावून ती किल्ली वहिनीकडे ठेव.